दुपारच्या बागेतली पाळी

बिडी वळताना वारा चालत नाही, हे मला गोंदियात आल्यावर कळलं. तेंदूचं पान ओलसर लागतं. वाऱ्याने ते सुकतं, वळताना फाटतं, आणि फाटलेली बिडी कारखान्यात छाटणीत जाते, तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणून आमच्या वस्तीत बाया दार लोटून, पंखा बंद करून बसत. मे महिन्यातसुद्धा.

माझं माहेर जालन्याकडचं. सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच. नवरा तांदळाच्या ट्रकवर ड्रायव्हर, म्हणून राइस मिलच्या मागे खोली घेतली होती, पण तो स्वतः कायम रस्त्यावर. मला ओळखणारं गावात कोणी नव्हतं. शेजारच्या मावशीने हाताला धरून बिडी वळायला शिकवली. तिच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, तंबाखूच्या धुळीने तपकिरी झालेला. ती दर पौर्णिमेला तो पुसायची.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मुलगी चार वर्षांची होती आणि तिचा श्वास लागायला लागला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याआधी माझी तंबाखूने पिवळी पडलेली बोटं पाहिली.

"घर में बीडी का काम होता है ना? बच्ची को उस धूल में मत बिठाओ. खुली हवा में रखो."

मी मान हलवली. पण खुली हवा आणू कुठून? वस्तीच्या एका अंगाला मिलची राख उडायची, दुसऱ्या अंगाला उघडी नाली.

दहा मिनिटांवर शहराची बाग होती. सकाळी उघडी, संध्याकाळी उघडी, दुपारी बारा ते चार कुलूप. सकाळी आमच्या नळाला पाणी यायचं, संध्याकाळी माल पोचवायचा असायचा. मोकळी असली तर दुपारच. तो नियम कोणी आमच्यावर राग धरून केला नसणार. करताना आमची आठवण झाली नाही, एवढंच.

एका सकाळी पाणी भरायचं मावशीवर सोपवून मी मुलीला घेऊन बागेत गेले. सूप, पानं, तंबाखू, सगळं सोबत. कडुनिंबाखाली बसले. वारा छान होता, आणि तोच नडला. तासाभरात पानं कडक झाली. तंबाखू उडून घसरगुंडीखालच्या वाळूत गेली. फिरायला आलेले लोक मला काही बोलले नाहीत, त्यांनी चौकीदाराकडे पाहिलं. तो दरेकशाच्या जंगलातून पोटासाठी आलेला माणूस. धावत आला.

"काऊन वो बाई, लेकरं खेळतेत तिथं तंबाकू कायले सांडून राहिली? माही नोकरी खाशीन ना."

त्याचं बरोबर होतं. जी धूळ घरी ठेवून यायची, तीच मी सुपात घेऊन आले होते. हाताने वाळू गोळा करून पदरात बांधली आणि निघाले. संध्याकाळी अर्ध्या बिड्या छाटणीत गेल्या.

मावशी हे ऐकून खोकला येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "हवा लेकराले पाह्यजे, पानाले नाही. दोघाइले एका जागी कायले बसवतं?"

तिनेच पाळी ठरवली. रोज एक बाई वस्तीतली सगळी लेकरं घेऊन बागेत जाईल, आणि तिच्या वाटणीच्या बिड्या बाकीच्या वळतील. राहिलं कुलूप. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मला घेऊन फाटकावर गेली.

"बाग बंद आहे," चौकीदार म्हणाला.

"म्हणूनच तं आली. तुये साहेब लोक आता झोपून राहिले असतीन."

"लेकरं फुलं तोडतीन."

"तोडलं तं मले सांग. मी हात तोडतो त्याइचे."

त्याने माझ्या मुलीच्या आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे पाहिलं. "तंबाकू?"

"घरी."

"मंग साडेतीनले बाहेर व्हा. अन् कोणी विचारलं, तं मी झोपलो होतो."

रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी लेकरांना झाडामागे ओढायची. आपल्यामुळे त्याची नोकरी जाईल असं वाटायचं. कोणी विचारलं नाही. मुलगी आधी बाकावर बसून राहायची, मग चालायला लागली. हिवाळ्यात एकदा ती घसरगुंडीच्या पायऱ्या पळत चढली आणि वर उभी राहून मला हाका मारायला लागली, न थांबता. एका दमात एवढ्या हाका तिने आधी कधी मारल्या नव्हत्या.

मावशीची पाळी आली की मात्र ती म्हणायची, "तूच जाय वो, पोरीजवळ राय. माहा हात भरभर चालते, दोघीचं वळतो."

तिचा खोकला मधल्या भिंतीतून मला ऐकू यायचा. मला कळत होतं. तरी मी जायची. परक्या गावात मिळालेलं नको म्हणायला भीती वाटते, आणि मुलीच्या पुढे मला दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकायचाच नव्हता. अशी वर्षं गेली.

मुलगी सातवीत गेली, माझ्या पुढे. तोवर मावशीला खोलीतल्या खोलीत चालतानाही थांबावं लागायचं. एका दुपारी मी तिला सायकल रिक्षात घालून बागेत नेलं. फाटकाच्या आत ती तेव्हा पहिल्यांदा आली, आणि त्याच पावसाळ्यात वारली, पुन्हा एकदाही बागेत न येता. बाकाजवळ बदामाचं पान पडलं होतं. तिने उचलून बोटांनी चाचपलं.

"एवढं मोठं पान, अन् एका बिडीच्या कामाचं नाही."

मग बसल्या बसल्या तिला झोप लागली. चार वाजले, फाटक उघडलं, बूट घातलेले लोक फेऱ्या मारायला लागले. मी जुन्या सवयीने घाईघाईत तिला हलवायला गेले. चौकीदार झारी घेऊन पाणी घालत होता. त्याचेही केस आता पांढरे झाले होते.

"झोपू दे तिले," तो म्हणाला. "चारनंतर तं साऱ्याइचीच आहे बाग."

मी तिच्याजवळ बसले. दिवे लागेपर्यंत तिला उठवलं नाही.