आकडा काय शे?

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. यंत्रावर नमुना चालू होता. तो मी पूर्ण होऊ दिला... दुसरं काही सुचलंच नाही.

सन दोन हजारच्या आसपास मी नाशिकजवळच्या वीज केंद्रात केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा सर आमचे प्रमुख होते. सटाण्याकडचे, त्यामुळे बोलताना मधूनच 'आहे'चं अहिराणी 'शे' व्हायचं. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवणारी. "कॉन्व्हेंट, बोल की, आम्ही काय परीक्षा घेतोय का?" असं सर मला म्हणायचे. बॉयलरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसावाच लागतो. किंचित राहिला तरी नळ्या खातो. आमचं आयन क्रोमॅटोग्राफीचं यंत्र तेवढाही पकडायचं, प्रत्येक क्षाराचा वेगळा उंचवटा आलेखावर काढायचं. बाटलीच्या तोंडाला नुसतं बोट लागलं, तर घामातलं मीठही त्यात दिसायचं.

एका दुपारी क्लोराइडचा उंचवटा भलताच वर गेला. शिफ्ट इंजिनिअर धावत आले. "मॅडमचा हात लागला असेल हो. एवढ्यावरून अख्खा वीजसंच बंद करायचा?" सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी विचारलं, "हात लावलास?" मी मान हलवली. "मान नको. तोंडानं सांग."

"नाही लावला."

"मग ते पाण्यातच शे," सर इंजिनिअरना म्हणाले. "दुसरी बाटली तुम्ही स्वतः भरून आणा." तिचाही आलेख तसाच आला. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरची एक नळी गळत होती, नदीचं पाणी आत येत होतं.

मागच्या महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेले. किडन्या थकल्या होत्या. मुलगा म्हणत होता, "बाबा, सुधारतंय." तो औषधं आणायला गेला तसे सर हळूच म्हणाले, "माझी फाईल सिस्टरांच्या टेबलावर आहे. बघून ये. मला सगळे गोड सांगतात."

मी रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा बघून आले. पलंगाशी उभी राहिले.

"आकडा काय शे?"

"वाढलाय, सर. परवापेक्षाही..." आणि मग आकडा सांगितला.

सर म्हणाले, "बरं झालं. आता कामं उरकता येतील." त्यांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आत बोलावलं आणि गॅसचं पुस्तक कुठंय, पाण्याची मोटर अडली तर कुणाला बोलवायचं, ते सांगायला लागले. काकू पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी बाहेर जाऊन बसले.

परवा काकू घरी आल्या. पर्समधून स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. "सुनबाई म्हणते, सगळं ठीक आहे. हे सांगून गेलेत, शंका आली की त्या पोरीला विचार..." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "वाच बाई. जे असेल ते."

मी वाचायला लागले.