आमच्या व्याह्यांचं राष्ट्रीय धोरण

आमच्या व्याह्यांच्या हाती हा देश नुसता आठ दिवस दिला असता, तर तो सुधारला असता की बुडाला असता, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो, की त्या आठ दिवसांत देशात आलेला एकही माणूस चहा प्यायल्याशिवाय परत गेला नसता. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. आमच्याकडे त्यांना ‘इवाई’ म्हणतात, आणि मुलीच्या बापानं इवायाशी वाद घालायचा नसतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे हिंगणीला त्यांच्या ओसरीवर बसून मी जे जे ऐकलं, त्याला इमानेइतबारे मान डोलावत आलो. त्यांचा समज असा झाला, की आपलं म्हणणं पुरतं समजणारा एकच माणूस या तालुक्यात आहे आणि तो नेमका आपला इवाई निघाला. त्यात माझं अक्षर चांगलं. सेलूच्या एका शाळेत जन्मभर कारकुनी केली, तेवढीच काय ती कमाई. तेव्हा त्यांच्या राष्ट्रीय धोरणाची पक्की प्रत काढायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

हे धोरण कुठल्या पक्षाचं नव्हतं. व्याही ग्रामपंचायतीलासुद्धा कधी उभे राहिले नाहीत. “आपलं काम धोरन ठरवाचं,” ते म्हणायचे, “निवडून कोनीबी येवो.” नोकरी त्यांनी जंगल खात्यात केली, आणि तीही बहुतेक सगळी एकाच नाक्यावर. रस्त्यावर आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला दगड, शेजारी टिनाची खोली. लाकडाची गाडी आली की कागद बघायचे, वहीत लिहायचं आणि बांबू वर करायचा. निवृत्त होताना त्यांनी नाक्यावरची एक कोरी, वाळवी लागलेली नोंदवही साहेबांकडून रीतसर मागून आणली, आणि धोरण लिहिलं ते त्या वहीत. वहीचे रकाने आधीच छापलेले: गाडी क्रमांक, माल, कुठून, कुठे. रकाना मोकळा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे पहिलंच कलम असं होतं: माल — देशाची सुरक्षा; कुठून — दिल्ली; कुठे — सीमा. गाडी क्रमांकात त्यांनी बराच विचार करून स्वतःच्या लुनाचा नंबर घातला होता.

देशाच्या सुरक्षेचं सगळं शास्त्र त्या नाक्यावरून निघालं होतं. एका पावसाळ्यात नाक्यावरचा बांबू कुजून पडला आणि नवा यायला महिना गेला. त्या महिन्यात रस्त्यावर नुसते दोन खांब उभे होते, तरी एकूण एक गाडी तिथं येऊन थांबत होती. हा अनुभव ते सीमेला लावायचे. “मानूस बांबूले नाई थांबत, इवाई. आपल्याले कोनी पाहून राह्यलं, असं वाटलं का थांबते.” मग दुसरं कलम. आलेल्या माणसाला आधी विचारायचं, कोनाचे पावने? नाव सांगितलं तर बसवायचं आणि चहा द्यायचा. “चाय पेल्यावर खोटं बोलला तं ठसका लागते त्याले. मी पाह्यलं हाय.” मी एकदा भीत भीत विचारलं, की समोरून फौज आली तर एवढा चहा करणार कोण? व्याही माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. म्हणाले, “हे बराबर बोलले तुमी,” आणि कलमाखाली लिहून घेतलं: दूध जास्त सांगणे. माझी शंका धोरणाला कुठं आणि कशी जोडली गेली, हे मला आजही उमगलेलं नाही. तिसरं कलम कुत्र्यांचं होतं. प्रत्येक चौकीवर दोन कुत्री, पण गावठी. परदेशी जातीच्या कुत्र्यावर देशाच्या सुरक्षेचा भरोसा ठेवायला ते मुळीच तयार नव्हते. हे सगळं धोरण अत्यंत गुप्त होतं, आणि ते रोज सकाळी बसस्टॉपवरच्या हॉटेलात मोठ्यानं वाचलं जात असे. एकदा बियाणं विकणारा एक माणूस नागपूरची बस धरायला म्हणून तिथं टेकला. व्याह्यांनी वाचन थांबवलं, त्याची पुरी चौकशी केली, स्वतः चहा पाजला आणि खात्री पटल्यावर पहिल्या कलमापासून पुन्हा सुरुवात केली. त्या माणसाच्या दोन बस गेल्या.

नुसतं लिहून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते, याचा पहिला दणका मला मुलीच्या लग्नातच बसला. मांडवाच्या तोंडाशी मी हार घेऊन उभा, वाजंत्री जोरात, आणि वरात येता येता एकाएकी थांबली. बघतो तर नवऱ्या मुलाच्या बापानंच, म्हणजे खुद्द व्याह्यांनी, मांडवातला एक बांबू काढून रस्त्यात आडवा धरला होता आणि आपल्याच वरातीतला एकेक माणूस चौकशी करून आत सोडत होते. माझी माणसं मात्र बिनदिक्कत जात-येत होती. मी हात जोडून म्हणालो, “इवाई, ही तर तुमचीच मंडळी.” त्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, “मनूनच तं. बाहेरच्याले कोनीबी पाह्यते. घरच्याले पाह्यले पायजे.” मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा विहीणबाई पुढं झाल्या, व्याह्यांच्या हातातला बांबू काढून घेतला आणि वाजंत्रीवाल्याकडे दिला. या बाईंशी धोरणाची कधीतरी गाठ पडणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वहीचा दुसरा भाग होता सरकारी योजनांच्या दुरुस्तीचा, आणि माझा खरा गोंधळ तिथं उडायचा. रेशन, निराधारांचं मानधन, घरकुल, पेन्शन, सगळं त्यात होतं. सोमवारी लिहायला बसलो तर ते म्हणायचे, “सगळ्या योजना बंद करा, मानूस आयशी झाला, कामच करत नाई.” मी सुवाच्य अक्षरात बंद करायचो. गुरुवारी गेलो की म्हणायचे, “सगळ्याइले द्या, विचारू नका काऊन पायजे, लाज वाटते मानसाले.” मी खोडून सगळ्यांना द्यायचो. दोन्ही वेळा त्यांचा आवाज सारखाच कळवळलेला असायचा, त्यामुळे यातलं खरं कुठलं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अखेर एक कलम पक्कं झालं. ज्याला गरज नाही त्यानं आपला वाटा सोडावा, ज्याला गरज आहे त्याला तो जावा, आणि सोडणाऱ्यानं महिन्यातून एकदा घेणाऱ्याच्या घरी जाऊन जेवावं. मी चक्रावलोच. देणाऱ्यानंच घेणाऱ्याकडे जेवायचं? “मंग काय तं,” व्याही म्हणाले, “नाई जेवला तं त्याले भीक वाटन ना.” कबूल करतो, ते कलम लिहिताना माझा हात क्षणभर थांबला होता.

आणि मग त्यांनी ठरवलं, की सुरुवात स्वतःपासून. मुलगा नागपूरला कमावता, घरची चार एकर, बोरचं पाणी. पेन्शन सोडायची! अर्ज अर्थात मी लिहिला, आणि त्यांनी मला बरोबर घेऊन वर्ध्याचं पेन्शन कार्यालय गाठलं. खिडकीमागच्या बाबूनं अर्ज वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. पेन्शन सुरू करा म्हणून रडणारी माणसं त्यानं जन्मभर पाहिली होती. “काकाजी,” तो म्हणाला, “बंद कराचे दोनच कारनं हायेत आमच्याइथं. एक तं पेन्शनवाला मेला पायजे. दुसरं, इधवा बाईनं दुसरं लगन केलं पायजे. तुमचं कशात बसवू?” व्याह्यांनी दोन्ही पर्यायांवर गंभीरपणे विचार केला. “तिसरा रकाना काढा,” ते म्हणाले. बाबू म्हणाला, रकाना मुंबईहून येतो. तासभर हुज्जत झाल्यावर त्यालाच दया आली. तो हळूच म्हणाला, की नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊच नका; जिवंत असल्याचं कळवलं नाही की पेन्शन आपोआप थांबते. व्याही एकदम खूश. परतीच्या बसमध्ये ते मला दोनदा म्हणाले, “पाह्यलं इवाई, काईच नाई कराचं, नुसतं चूप बसाचं!” चूप बसणं त्यांना कितपत जमेल एवढीच मला शंका होती. पण त्यांनी नोव्हेंबर गप्प काढला आणि डिसेंबरही. पेन्शन थांबली. घरात ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती, कारण धोरण गुप्त होतं आणि या वेळी ते खरोखरच गुप्त ठेवलं गेलं होतं.

फेब्रुवारीत एके दुपारी त्यांच्या घरी फोन आला. व्याही वावरात गेले होते. विहीणबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी उचलला. पलीकडचा कुणी पेन्शन कार्यालयातला मनुष्य अगदी सहानुभूतीनं म्हणाला, की बाई, आता तुमच्या नावानं कुटुंब पेन्शन सुरू करायची, तर फोटो आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन या. बाई फोन तसाच टाकून अनवाणी वावराकडे धावल्या. व्याही बांधावर उभे राहून गड्याला चौथं कलम समजावून सांगत होते.

संध्याकाळी मला निरोप आला. मी गेलो तेव्हा ओसरीवर दिवा लागला होता. विहीणबाईंनी मला पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. “इवाई, वहीत सापडला तो अर्ज तुमीच लिवला ना? अक्षर वळखलं मी.” मी खाली बघितलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “सारा देश लिवला तुमी वहीत. कुत्रेबी लिवले. माह्यं कुकू कोनत्या कलमात हाय तेवढं वाचून दाखवा मले.” व्याह्यांनी खरोखर वही उघडली, दोन पानं उलटली आणि मग बंद केली. मला ते पाहवलं नाही. एका बाजूला त्यांनी आयुष्यात स्वतःला झळ लावून अमलात आणलेलं एकुलतं एक कलम, आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, जिला वावरात पोचेपर्यंत आपण विधवा झालो असं वाटलं होतं. “इनबाई, चूक माझी,” मी म्हणालो. ते खरं होतं, पण कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही वर्ध्याला गेलो. तोच बाबू होता. त्यानं बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र पुढं सरकवलं आणि व्याह्यांचा अंगठा त्यावर ठेवला. जुळला नाही. जन्मभर दोर, कुऱ्हाड आणि बांबू हाताळलेला तो अंगठा पार गुळगुळीत झाला होता. दहाही बोटं झाली. प्रत्येक वेळी यंत्र लाल दिवा दाखवी आणि बाबू मान हलवी. मेल्याचं दाखवायला यांना काहीच करावं लागलं नव्हतं, आणि जिवंत आहोत हे काही केल्या सिद्ध होईना. व्याह्यांच्या कपाळावर घाम आला. ते बाबूशी वाद घालतील म्हणून मी वाट बघत होतो, तर ते आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला ते फार म्हातारे वाटले. तेवढ्यात विहीणबाई पुढं आल्या. पदराचं टोक पाण्याच्या बाटलीत भिजवून त्यांनी व्याह्यांचा उजवा अंगठा घासून पुसला, फुंकर घालून वाळवला, काचेवर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला. बराच वेळ धरला. हिरवा दिवा लागला. “झाले काकाजी हयात,” बाबू म्हणाला. विहीणबाईंनी हात तरीही सोडला नाही, आणि बाबूनंही यंत्र मागं ओढलं नाही.

पेन्शन पुन्हा सुरू झाली. वही माडीवर गेली म्हणतात. हॉटेलातलं वाचन बंद झालं, मलाही बोलावणं येईना. सुटलो एकदाचा, असं वाटायला हवं होतं. पण सोमवार, गुरुवार आला की काय करावं मला सुचायचं नाही. शेवटी परवा मीच न बोलावता हिंगणीला गेलो. व्याही फाटकाशी उभे होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग राहवेना म्हणून विचारलं, की इवाई, ते देणाऱ्यानं घेणाऱ्याकडे जेवायचं कलम, त्याचं पुढं काय ठरलं?

“इवाई, खरं सांगजा,” ते म्हणाले, “तुमाले ते समजत होतं काय?”

आता या वयात इवायाशी काय खोटं बोलायचं. “नाही,” मी म्हणालो.

“मलेबी नाई,” ते म्हणाले. “पन कोनीतरी विचार करून राह्यलं पायजे ना.”

मग आम्ही दोघंही फाटकावर हात ठेवून, रस्त्यानं कोण येतंय ते बघत उभे राहिलो.