हसत सांगितलेलं दुखणं

आखातातल्या शहरात, हमरिया नावाच्या भागातल्या एका दुकानावरच्या खोलीत आम्ही दर शुक्रवारी जमायचो. घरकाम आणि साफसफाई करणाऱ्या बायकांच्या तब्येतीची पाहणी चालू होती. रंग आणि देश पाहून दवाखान्यात त्यांना वेगळं वागवतात का, हे समजून घ्यायचं होतं. प्रश्न विचारून कागद भरायचं काम माझं. हिंदी-इंग्रजी चांगलं, मुलं शाळेत, हातात वेळ. ह्या कामाला माझ्यासारखी दुसरी मिळणार नाही अशी माझी पक्की समजूत.

एक प्रश्न असा होता: दुखणं एक ते दहामध्ये किती? सात किंवा त्याहून जास्त सांगितलं, तर आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरबाई त्याच दिवशी तपासायच्या.

एका शुक्रवारी नवा नियम सुरू झाला. लिहिलेलं प्रत्येकीला वाचून दाखवायचं. त्या बायकांनीच तो बैठकीत भांडून मिळवला होता. मला रागच आला. आमच्यावर एवढाही विश्वास नाही?

समोर टांझानियाची एक बाई बसली होती. गुजराती घरात दहा वर्षं राबून हिंदी शिकलेली. पोटदुखीचं विचारलं तर खळखळून हसली, हसतच आकडा सांगितला. मी कागद वाचून दाखवला, "दर्द, चार."

"मैंने नौ बोला, मॅडम."

"पर आप तो हँस रही थीं!"

"रोनेवाली को अर्बाब टिकट काटके घर भेज देता है. खलास." अर्बाब म्हणजे मालक.

मी नऊ ऐकलं होतं. ऐकूनही चार लिहिलं होतं. ह्या बायका काटक, एवढं दुखत असतं तर हसली असती का, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्या आईला बाळंतपणात कळा सोसवेनात तेव्हा नर्स म्हणाली होती, "तुमच्या लोकांत सवय असते." आम्ही कुठल्या वस्तीतले ते तिला ठाऊक होतं. त्या वाक्यावर मी जन्मभर चिडत आले. आता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार खोडून नऊ लिहिलं. डॉक्टरबाईंनी तपासून तिला तशीच हॉस्पिटलात पाठवली. ऑपरेशन वेळेत झालं.

आधीच्या शुक्रवारांचे मी भरलेले अकरा कागद कपाटात होते. "जाऊ दे गं," नवरा म्हणाला. मी जाऊ दिलं नाही. एकेकीला शोधून पुन्हा विचारत गेले. आठजणी भेटल्या. उरलेल्या तिघींना आजारी पडल्या म्हणून मालकांनी मायदेशी परत धाडलं होतं.