सहा डोस, शेवटचा सीझन आणि मला न दाखवलेला कागद

मला कॅन्सर झालाय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हतोच. मी वॉर्डात बेडवर होतो, कानात इअरफोन, आणि खो खो हसत होतो.

खरंच सांगतो. त्याच दिवशी आमच्या लाडक्या सिरीजचा शेवटचा सीझन आला होता. पाच मित्र बंगळूरला एका फ्लॅटमध्ये कंपनी काढतात आणि रोज काहीतरी बोंबलतं, अशी कॉमेडी. मी पुण्यात अकरा जणांच्या कंपनीत होतो, आमची मीटिंग रूम म्हणजे पण किचनच. आधीचे सगळे सीझन आम्ही डबा खाता खाता एकाच लॅपटॉपवर बघितलेले. त्यामुळे नगरला ॲडमिट असलो म्हणून काय झालं, पहिला एपिसोड सोडणार नव्हतो. ऑफिसच्या ग्रुपवर दमच देऊन ठेवलेला, कुणी शेवट फोडला तर बघा.

तर त्या एपिसोडमध्ये चौघं ठरवतात की कंपनी विकायची. पाचवा, म्हणजे सगळा कोड लिहिणारा पोरगा, त्याला सांगायचं नाही. का? त्याला टेन्शन येईल म्हणून. उलट त्याच्यासाठी केक आणतात. तो केक खातो आणि विचारतो, वाढदिवस कुणाचाय? मी इतका हसलो की सलाईनची नळी हलली आणि सिस्टर ओरडली.

तेवढ्यात घरचे आत आले. आप्पा, म्हणजे वडील, आमची राहात्याजवळ पेरूची बाग आहे. आई. आणि तात्या, म्हणजे चुलते. तात्या हायस्कूलला क्लार्क, त्यामुळे घरातला कुठलाही कागद आला की तो त्यांच्याकडेच जातो. आईचे डोळे लाल होते. बोलले तात्याच. "काय न्हाई, टीबीची गाठ हाय. औषधं जरा कडक हायेत, सा डोस घ्यायचे. लई जनांना हुतंय."

मी म्हटलं बरं. आणि दुसरा एपिसोड लावला.

थांबा, आधीचं सांगायचं राहिलं. मानेत गाठ आली होती, लिंबाएवढी. दुखत अजिबात नव्हती, म्हणून मी दोन महिने दुर्लक्ष केलं. झोपेत इतका घाम यायचा की टी-शर्ट पिळून घ्यावा. वजन उतरलं तर ऑफिसात सगळे म्हणाले, जिम लावलीस का. तुमच्याकडे कुणाला असं होत असेल तर जिमचं कौतुक करू नका, डॉक्टरकडे पाठवा. न दुखणारी गाठ जास्त वाईट असू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग बायॉप्सी झाली. म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात. मग पेट स्कॅन, म्हणजे शिरेतून साखरेसारखं औषध देतात आणि अंगात कुठे कुठे गडबड आहे ते फोटोत चमकतं. मी गूगल केलं नाही का? केलं की. पहिल्याच ओळीत कॅन्सर. पण तात्या म्हणाले टीबीलाही करतात, आणि मला तेच ऐकायचं होतं.

पहिल्या डोसला मला डे-केअरच्या खुर्चीत बसवलं. सिस्टरने गाऊन, दोन दोन ग्लोव्हज घातले आणि लाल रंगाचं औषध लावलं. मी तिसरा एपिसोड लावत होतो. सहज विचारलं, टीबीचं औषध लाल असतं का?

सिस्टर माझ्याकडे न बघता आईकडे बघायला लागली. "मावशी, ह्याला सांगितलं नाही का तुम्ही?"

आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मग सिस्टरनेच सांगितलं. "हॉजकिन्स लिम्फोमा आहे तुला. बरा होतो रे हा, घाबरू नको."

लिम्फोमा म्हणजे अंगातल्या लसिका ग्रंथींचा कॅन्सर. तोपर्यंत लाल औषध निम्मं आत गेलं होतं. हे निम्मं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. मग बोललो. कारण खरं सांगायचं तर आमच्याकडे असंच करतात. आजोबांना आतड्याचा कॅन्सर होता तेव्हा त्यांना शेवटपर्यंत ॲसिडिटी म्हणून सांगितलेलं. मी तेव्हा बारावीला होतो आणि मीही तोंडावर सांगायचो, आजोबा, तिखट कमी खा. मग मी कुठल्या तोंडाने चिडणार.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. तिसरी स्टेज, म्हणून औषधं जोरदार, दर तीन आठवड्यांनी, पण बरं व्हायचे चान्स चांगले. छान बोलले. मला ते आवडले पण.

सीझनचे आठ एपिसोड. दोन पहिल्याच दिवशी संपवलेले, राहिले सहा. डोस पण सहा. मी ठरवलं, एका डोसला एक एपिसोड. केस गेले, तोंडात फोड आले, आईच्या वरणाला लोखंडाची चव यायला लागली, पण मी एपिसोड सोडला नाही. तो कोडवाला पोरगा प्रत्येक एपिसोडमध्ये जीव तोडून ॲप दुरुस्त करत असतो. विकून झालेलं ॲप. बाकीचे चौघं त्याला म्हणतात, मस्त चाललंय, करत राहा. पहिल्यांदा मला लई हसू आलं. चौथ्या डोसपर्यंत कमी झालं.

सहाव्या डोसला उलट्या थांबेनात, म्हणून शेवटचा एपिसोड राहिला.

पेट स्कॅन स्वच्छ आला. आईने गल्लीत पेढे वाटले. तात्यांनी माझ्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाले, आता फकस्त लग्नाचं बघायचं.

दोन महिन्यांनी चेकअपला जायचं होतं. जुना रिपोर्ट हवा होता म्हणून मी पहिल्यांदा पूर्ण फाईल उघडली. इतके दिवस ती तात्यांकडेच असायची. त्यात डॉक्टरांच्या अक्षरात एक कागद होता. या औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. पहिल्या डोसआधी स्पर्म बँकिंग करून घ्यावं. रुग्णाचे वडील आणि काका यांच्याशी बोललो. नको म्हणाले. खाली तात्यांची वळणदार सही.

स्पर्म बँकिंग म्हणजे वीर्य गोठवून ठेवतात, पुढे मूल हवं असेल तर वापरता येतं. एखाद दिवसाचं काम. फक्त पहिल्या डोसच्या आधी केलेलं बरं. कागदावरची तारीख त्याच दिवसाची. मी केकवर हसत होतो तेव्हाची. आणि मला कळलं तेव्हा ते लाल औषध निम्मं आत गेलेलं.

टेस्ट केली. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांनी परत येऊ शकतं, नाहीही येणार.

मी विचारलं, मला का नाही विचारलंत? मी पंचवीस वर्षांचा होतो.

डॉक्टरांनी फाईल मिटली. "वडील म्हणाले, पोराला काहीच सांगू नका. इथे सगळेच तसं म्हणतात. आम्हालाही ऐकायची सवय झालीय. तुम्हाला विचारायला हवं होतं."

तुम्हाला विचारायला हवं होतं. बस. घरी आलो.

आप्पा बागेत होते. चांगली फळं धरणाऱ्या एका म्हाताऱ्या झाडाच्या फांद्यांना गुटी बांधत होते. फांदीची साल सोलून ओलं शेवाळ गुंडाळतात, मुळं फुटली की तोडून नवीन रोप लावतात. ते झाड आप्पा यंदा काढणार होते. मी कागद त्यांच्या पुढे धरला. त्यांना वाचावा लागला नाही.

"आदी जीव वाचू दे म्हनलं," आप्पा म्हणाले. "आन असलं तुला सांगायचं कसं? बाप हाय मी. जीभच रेटंना."

मी म्हटलं, "झाड काढायच्या आधी तुम्ही त्याची गुटी बांधता ना, आप्पा?"

त्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. मी घरात निघून आलो. मला वाटलेलं बोलून बरं वाटेल. नाही वाटलं.

नंतर एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तो राहिलेला एपिसोड टीव्हीवर लावला. आप्पा पलंगावर पडलेले, मला वाटलं झोपलेत. शेवटी त्या पोराला कळतं. कुणी मित्र सांगत नाही, ऑफिस रिकामं करायला आलेला टेम्पोवाला सांगतो. चौघं आपले हसवायचा प्रयत्न करतात, पुन्हा केक आणतात. मागे हसण्याचा आवाज टाकलेला.

"ह्या पोराला इचारलंच न्हाई कुनी?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"इचाराया पायजे हुतं," ते म्हणाले. टीव्हीकडेच बघत.

मी आवाज वाढवला. अजूनही मी माफ वगैरे केलेलं नाही, खोटं कशाला लिहू. जिवंत आहे, त्याबद्दल त्या सिस्टरचा, औषधांचा, आईचा आभारी आहे. पण हे वाचणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या घरचे डॉक्टरांबरोबर बाहेर गेले की इअरफोन काढा आणि मागे जा. सलाईनचा स्टँड घेऊन जा. औषधाची पहिली पिशवी लावायच्या आधी विचारा, ह्याने माझं काय काय जाणार आहे? पोरींनो, तुमच्यासाठीही बीजांडं गोठवायची सोय असते, तुम्हीही विचारा. आणि घरच्यांनो, तुम्ही लपवता ते मायेनेच, मला माहितीय. म्हणून तर कुणाला धड शिव्याही देता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात पुन्हा चेकअप होता. तात्या यायला निघाले होते, आप्पांनी त्यांना घरीच थांबवलं. नगरला माझा नंबर पुकारल्यावर आम्ही दोघं उठलो. केबिनच्या दारात आप्पांनी फाईल माझ्या हातात दिली.

"जा तू," म्हणाले, आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.