बदामाच्या पानांचे हातमोजे

बदामाची पानं गळण्याआधी लाल होतात. ती बघून शेजारच्या माईंनी हातमोजे विणले, तपकिरी लोकरीत लाल-पिवळी पानं. आमचा रस्ता झाडणाऱ्या शोभाताईंचे हात नाशिकच्या थंडीत फुटून रक्त येतं, म्हणून त्यांच्यासाठी.

शोभाताईंचा हात मोज्यात अर्ध्यावरच अडला. रंग बदलताना आतला धागा घट्ट ओढला गेला होता. वरून नक्षी सुरेख, आत जागा नाही.

"रोज पानंच झाडते, माई. आता हातावरपण पानंच?" त्या हसत म्हणाल्या.

माई ओशाळल्या. "उसवते. साधेच विणून देते."

"साधे कशाला? पानं राहू द्या. सैल तेवढे करा."

ज्यांना झाडावी लागत नाही त्यांनाच पानगळ सुंदर दिसते, असं मी तावातावाने लिहिणार होतो. शोभाताईंना काय सुंदर वाटावं, हेही मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांना ऊबही हवी होती आणि नक्षीही, आणि दोन्ही त्यांनी सरळ मागून घेतल्या.

माईंनी त्यांना पायरीवर बसवलं, लोकरीचा धागा घेतला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तळव्याचं माप घेतलं.