‘बरं हाय’

“चाल.”

डॉक्टर एवढंच म्हणाले. पांढऱ्या कोटातली सहा-सात शिकाऊ पोरं-पोरी भिंतीला लागून उभी होती. साडी घोट्याच्या वर धर, असं मला आधीच सांगितलं होतं. मी धरली. दारापासून खिडकीपर्यंत चालले. डावा पाय टेकत नव्हता, टेकला की बाहेर कलंडायचा. एक पोरगी हळूच म्हणाली, “सर, ती लंगडतेय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. “लंगडत नाही. डोंगरातली चाल आहे ही. ही माणसं अशीच चालतात.”

सगळे हसले. मीही हसले. डॉक्टर काय बोलले त्याचा राग आहेच, पण त्या माझ्या हसण्याची लाज त्याहून जास्त वाटते. अजून वाटते.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. आहुप्याच्या डोंगराच्या अंगाला आमची वाडी. भाताच्या लावणीत ओल्या बांधावरून घसरले आणि घोटा आत मुडपला. कट् असा आवाज मी स्वतः ऐकला. घोटा रताळ्यासारखा फुगला. चार दिवसांनी खालून एका मोठ्या दवाखान्याची गाडी आली. मुरगळलेल्या घोट्यावर फुकट इलाज, असं पुकारत फिरत होती. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मला आणि घोटा मुरगळलेल्या शेजारच्या काकूला गाडीत बसवलं.

दवाखान्यात कंपाउंडरनं एक कागद पुढं केला. आश्रमशाळेत माझी सातवी झाली होती. मी म्हणाले, “मला सही येते.” तो म्हणाला, “असू दे, वेळ नाही.” माझा अंगठा धरून शाईत दाबला. कागद वाचायला द्यायचा प्रश्नच नव्हता.

मग दोघींसाठी एकेक बंद पाकीट फोडलं. आत चिठ्ठी. माझ्या वाट्याला नुसता पट्टा आणि मलम, काकूच्या वाट्याला प्लास्टर. मला वाटलं, काकूला जास्त लागलंय. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी ठरवत होती आणि कोण लवकर बरं होतं ते बघत होते, हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. हाडाचा फोटो काढला होता. तो उजेडाला धरून कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात कुणी भेटलं की विचारतात, “बरं हाय का?” त्याला एकच उत्तर, “बरं हाय.” घरात मयत झालेली असली तरी आधी हेच म्हणायचं, मग बसायला द्यायचं, पाणी द्यायचं आणि मग खरं बोलायचं. आल्या आल्या दुखणं सांगत सुटणं आमच्यात अडाणीपणाचं. दवाखान्यात तीनदा नेलं. तीनही वेळा डॉक्टरांनी विचारलं, “बरं आहे का?” मी रीतीप्रमाणं म्हणाले, “बरं हाय.” पेन खाली गेलं, ‘बरी’वर खूण झाली. मी वाट बघत राहिले की आता बसायला सांगतील, मग खरं बोलायचं. तोपर्यंत पुढच्या माणसाला हाक मारलेली असायची.

पाय वाकडा तो वाकडाच राहिला. चढणीला आग होते. लग्नाला दोन ठिकाणं आली आणि पाय बघून परत गेली. बरीच वर्षं मी हे नशीब समजत होते. पुढं आशाताई झाले, ट्रेनिंगला गेले, तिथल्या डॉक्टरीणबाईंना पाय दाखवला. त्या म्हणाल्या, “हाड तुटलं होतं. तसंच वाकडं जुळलं. तेव्हा कुणी बघितलं नाही का?”

“बघितलं,” मी म्हणाले. “लिहूनसुद्धा घेतलं.”

त्या दिवशी मला कळलं, कुठल्यातरी कपाटात मी बरी झालेली आहे.

इलाजाचा शोध वाईट नाही. तो कुणाच्या तरी पायावरच लागणार. पण त्या पायाला धनी असतो, त्याला विचारावं लागतं.

यंदा हिरड्याच्या दिवसांत पुन्हा गाडी आली. दवाखाना दुसरा, पाकिटं तशीच. तरुण डॉक्टर माझ्याशी गोड बोलला. “ताई, तुम्ही हाक मारली की लोक येतात.” माझा मामा हिरड्याचं ओझं घेऊन उतरताना पडला होता. आठ दिवसांपूर्वी हीच माणसं त्याला पट्टा बांधून गेली होती, मी तेव्हा ट्रेनिंगला होते. आज मामाच्या घरीच तपासणी. मी कागद हातात घेतला. या वेळी वाचायला मिळाला, मराठीत होता. ‘या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येईल’ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

“हे मामांना वाचून दाखवलंत?”

“सगळं वाचत बसलो तर दिवस जाईल. त्यांना काय कळतंय त्यातलं?” तो मामाकडं वळला. “काय बाबा, बरं आहे का?”

मामा म्हणाला, “बरं हाय.”

पेन खाली आलं. मी कागदावर हात ठेवला.

“थांबा. तो त्यांनी रामराम केलाय तुम्हाला.” मग मामाकडं बघितलं. “मामा, पाय टेकवा बरं.”

मामानं टेकवला आणि मेढीचा खांब धरून डोळे मिटले. “नाय टेकत, पोरी. लई कळ येती. पावण्याला कसं सांगायचं म्हनून गप व्हतो.”

डॉक्टरचा गोडवा गेला. “तुमचं काम माणसं आणायचं आहे. वरती कळवलं तर हे काम राहणार नाही तुमच्याकडं.”

“कळवा,” मी म्हणाले. “माझी सही हवी असली तर देते. मला येते.”

‘केव्हाही बाहेर पडता येईल’ या ओळीवर बोट ठेवून मामाचं नाव मी डॉक्टरकडून खोडून घेतलं आणि हाडाचा फोटो काढायला मामाला सरकारी दवाखान्यात पाठवलं. गाडी निघाली. खाली जाईल असं वाटलं होतं, ती वरच्या वाडीकडं वळली. तिथं तीन माणसं पट्टा बांधून बसलेली आहेत आणि तिघंही रीतीची आहेत. विचारलं की म्हणणार, बरं हाय.

गाडीला वळणाचा रस्ता आहे. मला आडवाट माहीत आहे. मी साडी घोट्याच्या वर खोचली, या वेळी कुणी न सांगता, आणि चढायला लागले. पायाची आग होत होती. होऊ दे. माझ्या देखत या डोंगरातल्या कुणाचाही रामराम त्या कागदावर चढणार नाही.