पिशवीतला रोट

गेली दोन वर्षं कानबाईसमोर हात जोडायची मला लाज वाटत होती. श्रावणात घरी देवी बसते, भाऊबंद जमतात, बायका गाणी म्हणतात आणि मी काहीतरी काम काढून वावराकडे निघून जातो. आई कारण विचारत नाही. ती विचारत नाही, याचंच ओझं होतं. म्हणून एकदाचं हे लिहून टाकतो.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. शेती बरी आहे, खाऊन-पिऊन सुखी. पण मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीचे वडील चहा अर्धा ठेवून उठायचे. असं चार-पाच वेळा झालं आणि मी परदेशाचं खूळ डोक्यात घेतलं. सुरतचा एक एजंट भेटला. म्हणाला, अर्ध्या वाटेपर्यंत विमान, पुढे थोडं चालायचं, हद्द ओलांडली की काम तयार. कागदपत्रांचं विचारलं तर नुसता हसला. त्या हसण्यातच मी समजायला हवं होतं, पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि मला तर गरजेपेक्षा हौसच जास्त होती. घरी सांगितलं, सुरतला नोकरी लागली. आईशी खोटं बोलताना तेव्हा जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

कानबाईचं विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी निघालो. आमच्याकडे रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढतात. त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. परक्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. आईने एक रोट तूपगूळ घालून कडक भाजला, फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "वाटमा खाई ले. परकाले देवानं नई."

अर्ध्या वाटेवरच्या परक्या देशात विमानातून उतरल्यावर आम्ही आठ जण झालो. वाट दाखवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पासपोर्ट आणि फोन काढून घेतले. हद्दीवर तारेचं कुंपण होतं, म्हणून त्याने आम्हाला दलदलीतून आणि जंगलातून नेलं. एका ठिकाणी चिखलात एक बूट रुतलेला दिसला, शेजारी फाटकी पिशवी. कोणाची म्हणून कोणी विचारलं नाही. खायचं पहिल्या दिवशीच संपलं. पाणी डबक्यातलं, रुमालातून गाळून प्यायचो. वाटाड्याने खुणेने एकच नियम सांगितला होता, जो मागे राहील तो राहिला.

आमच्यात एक आबा होते, शिरपूरकडचे, पन्नाशीचे. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेला होता, तिकडे त्याला झालेला मुलगा आबांनी फक्त फोनवर पाहिला होता. तेवढ्यासाठी हा माणूस निघालेला. इतक्या लांब आपली अहिराणी कानावर पडली आणि तासाभरात आम्ही जवळचे झालो. चढावर ते मला हात द्यायचे. त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे. झाडाला टेकून बसले ते उठेनात. साखर उतरलीय, गोड काही आहे का, असं त्यांनी एकेकाला विचारलं. कोणाकडेच काही नव्हतं. मला मात्र त्यांनी विचारलं नाही. नुसतं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

माझ्या पाठीवर गुळाचा रोट होता. मी मनाला सांगितलं, देवीचा आहे, परक्याला चालत नाही, आईने बजावलंय. खरं कारण तसं नव्हतं. खायला तेवढा एक रोटच उरला होता आणि तो मला माझ्यासाठी हवा होता. देवीचं नाव मी फक्त पांघरून घेतलं. वाटाड्या पुढे निघाला. सगळे निघाले. मीही निघालो. मागे वळून बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून बघितलं नाही.

तासाभरात हद्दीवरच्या पोलिसांनी कुत्र्यांसह आम्हाला घेरलं. चौकीत नेऊन झडतीत पिशवी टेबलावर उपडी केली. फडकं सोडलं, रोट हुंगला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. ना माझ्या पोटात गेला, ना आबांच्या. आबा मागे जंगलात आहेत, एवढं तरी त्यांना सांगावं म्हणून मी हातवारे करत होतो, रडत होतो. कोणाला काही कळत नव्हतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी कानबाईला खरी हाक मारली. माझ्यासाठी काही मागायचं तोंडच नव्हतं. एवढंच म्हणालो, माय, मी नाही थांबलो, तू थांब.

पकडल्याच्या तिसऱ्या दिवशी, आम्हाला कोंडलेल्या खोलीतच आबांना आणून बसवलं. स्वतःच्या पायांनी चालत आले. जंगलात अळंबी वेचायला आलेल्या एका म्हातारीला ते दिसले होते. तिने आपल्या जेवणातली भाकर मधात बुडवून घास घास भरवली आणि माणसं जमेपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "ती तिनी भाषामा बोले, मी मनी भाषामा," आबा सांगत होते. "बठ्ठं समजे." सगळं कळायचं म्हणे. ती कोण, कुठली, पुन्हा कधी कळलं नाही.

आम्हाला परत पाठवलं. सुरतच्या नोकरीचं खोटं उघडं पडलं, पण वाटेतलं विचारलं तर गावात मी सांगितलं, बरोबरच्या आबांची नि माझी चुकामूक झाली. आईने रोट खाल्ला का विचारलं, तर हो म्हणालो. या श्रावणात मात्र राहवेना. एसटीने शिरपूर गाठलं, आबांच्या ओट्यावर बसलो आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा शांतपणे म्हणाले, "माले माहीत व्हतं, भाऊ. तुना पिशवीतून तुपना वास ये. पन मना घर बी कानबाई बसस. रोट परकाले देतस नई. म्हनीसन मी तुले मांगा नई."

मरणाच्या दारात बसूनही त्या माणसाने माझा नेम मोडू दिला नव्हता. तो नेम मी पाळतच नव्हतो, त्याच्याआड लपलो होतो. मला ओट्यावर बसवेना आणि उठवेनाही. आतून ताट आलं. आबा म्हणाले, "जेव आते."

मी जेवलो. ताटात काही ठेवलं नाही. आपण काही राखतो, काही वाचवतो, हा माझा भ्रम त्या जंगलात राहिला. जिने राखायचं तिने परक्या देशात, परक्या हाताने राखलं, माझ्यावाचून. घरी येऊन आईला खरं सांगितलं. तिने उठून देवीपुढचा दिवा सारखा केला आणि मला जवळ बसायला जागा करून दिली.